रांग एकच, मग तक्रार कसली?

आमच्या खानापूर-बेळगाव भागातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आशाताई, अंगणवाडी सेविका, पंचायतीचे कर्मचारी यांना समता आणि सामाजिक न्याय शिकवायला जी शिबिरं होतात, त्यांच्यावर राग आहे. म्हणणं असं: सेवा सगळ्यांना सारखीच मिळते, भाषेची अडचण ज्याची त्यानं बघावी, जात आता राहिलीय कुठे, आणि शिबिर म्हणजे चहा-बिस्किटं.

सारखी मिळते? कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये सुरू झाले त्या २०२३ सालची गोष्ट. रांगेत माझ्यापुढे एक आज्जी होती. खिडकीतून तिच्या हातात कन्नड कागद आला. तिनं तो उलटा धरला. आतून आवाज आला, ‘आधार लिंक इल्ला, नाळे बा.’ म्हणजे आधार लिंक नाही, उद्या ये. आज्जीला ‘नाळे बा’ तेवढं कळलं. दुसऱ्या दिवशी आली की, तोच कागद घेऊन! आधी बँकेत जायचंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवसांची मजुरी बुडाली. मलाही तेच उत्तर मिळालं होतं, शब्द न् शब्द तेच. पण मला वाचता येतं, बुडाखाली गाडी आहे. तासाभरात काम उरकून मी घरी. खिडकीतला माणूस काही वाईट नव्हता. सांगितलेलं समोरच्याला कळलं का, हे विचारणं आपल्या कामात बसतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

‘कर्नाटकात राहायचं तर कन्नड शिका.’ शिकावंच, आमची पोरं शिकलीत. सत्तरीच्या आज्जीचं रेशन तोवर थांबवायचं का? घटनेच्या ३५०व्या कलमानं तक्रारीचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. जिथे अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्के वा जास्त, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढायच्या, हेही भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण योजनेत आहे. मोर्च्यात हे आपल्याला तोंडपाठ असतं. खिडकीतल्याला ते सांगणार कोण? (महाराष्ट्रातल्या जत-अक्कलकोटच्या कन्नड माणसालाही हेच लागू आहे, ते मात्र आपल्या भाषणात येत नाही.)

जातीचं म्हणाल तर आधी आपल्याच सोप्यात बघूया. एका गावात मी पाहिलंय: आरोग्याची बाई वरच्या आळीत सोप्यात बसते, चहा घेते, गरोदर पोरीची चौकशी करते. खालच्या गल्लीच्या मात्र तोंडावरच उभी राहून हाक मारते, ‘बरी आहेस न्हवं गं?’ आतून ‘व्हय’ आलं की निघाली. रजिस्टरात दोन्हीकडे ‘भेट दिली’. पायाला सूज आहे का, हे गल्लीच्या तोंडावरनं दिसत नाही. ती बाई मराठीच, पोरगीही मराठीच. सीमाप्रश्नावर ढकलायची सोय नाही. निपाणीत बाबासाहेबांची बहिष्कृत परिषद १९२५ साली झाली. शंभर वर्षं झाली आणि आपण विचारतोय, जात राहिलीय कुठे!

चहा-बिस्किटांचा मुद्दा मला निम्मा मान्य आहे. हॉल, प्रोजेक्टर, सही, ग्रुप फोटो आणि जेवण, अशी शिबिरं मीही बसून काढलीत. बाहेरचा कुणी येऊन ‘संवेदनशील व्हा’ म्हणाला की माणूस मोबाईल काढतो. पण बेळगाव जिल्ह्यातल्या घटप्रभेची ‘मास’ बघा. १९९७ पासूनची ही संघटना पूर्वी देवदासी असलेल्या बायांचीच. देवीला मुलगी सोडण्याला १९८२च्या कायद्यानं बंदी आली. पण घरात जाऊन आईशी बोलायचं कसं, हे या बायांना जमतं, कारण त्या स्वतः त्यातून गेल्यात. सीतव्वा जोड्डट्टी सात वर्षांच्या असताना देवदासी झाल्या; पुढे त्यांनी ही संघटना चालवली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा शिबिर बंद करू नका, हॉल बंद करा. पुढचं त्या खालच्या गल्लीत घ्या, आज्जीला खुर्चीवर बसवा, आणि ‘नाळे बा’ म्हणजे किती रुपये, हे खिडकीतल्या माणसाला तिच्या तोंडून ऐकू द्या.