जर्मनीचं उदाहरण अर्धंच दिलं जातं

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की देशातल्या तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करायला हवं, आणि दाखला दिला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन आणि जपानी लोकांचा. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांनी 90 तासांची भाषा केली, रविवारीही काम करून घ्यायला आवडेल असं सांगितलं. दोन्ही वेळा माझ्या फोनवरचे पुण्याचे सगळे ग्रुप पेटले. कोणी म्हणालं, कष्टाशिवाय देश उभा राहत नाही. कोणी साहेबांचे रात्री अकराचे मेसेज टाकले. आणि दर वेळी कोणीतरी मला विचारलं, तू तर जर्मनीतच आहेस, खरंच तसं होतं का?

मी स्टुटगार्टजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. त्याआधी हिंजवडीत एका मोठ्या आयटी कंपनीत होते. त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं असं मला मनापासून वाटतं.

होतं. युद्धानंतर इथे आठवडा 48 तासांचा होता आणि शनिवार कामाचा होता. शहरांचे ढिगारे झाले होते, ते लोकांनी उपसले. पण त्याच वर्षांत दुसरीही एक गोष्ट घडत होती, आणि ती आपल्याकडच्या भाषणांत कधी येत नाही. 1951 मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा केला की कोळसा आणि पोलाद उद्योगातल्या मोठ्या कंपन्यांच्या, संचालकांवर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षक मंडळावर निम्मे सदस्य कामगारांचे असतील. 1952 च्या कायद्याने इतर उद्योगांतही कामगारांनी निवडून दिलेल्या समितीला हक्क मिळाले. 1 मे 1956 ला कामगार संघटनांनी 'शनिवारी बाबा माझे' असं म्हणणाऱ्या लहान मुलाचं पोस्टर लावलं, आणि त्याच वर्षी धातू उद्योगातला आठवडा 48 वरून 45 तासांवर आला. 1967 मध्ये 40, 1995 मध्ये 35. म्हणजे ज्या काळात हा देश उभा राहत होता, त्याच काळात कामाचे तास उतरत होते आणि कामगार संचालकांच्या शेजारी बसायला लागला होता. उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्यावं.

मोठ्या कंपनीत लोकांना काय आवडतं, याची यादी पुण्यात आणि इथे फारशी वेगळी नाही. पगार ठरल्या तारखेला येतो. कंपनीचं नाव सांगितलं की बँक गृहकर्ज देते आणि स्थळं येतात. एका विषयात वीस वर्षं घालवलेली माणसं शेजारच्या टेबलावर असतात आणि विचारलं की शिकवतात. पुण्यात त्यात आणखी एक मोठी गोष्ट होती. कंपनीच्या सामूहिक विम्यात आईबाबा बसायचे. बाबांच्या बायपासच्या वेळी त्या विम्याने आमचं घर सावरलं, आणि त्या दिवसांत माझा तिथला मॅनेजर रुग्णालयात येऊन रात्रभर माझ्या भावाबरोबर बसला होता. इथे आजारी पडलं तर पहिले सहा आठवडे पूर्ण पगार कायद्याने मिळतो, कोणी एका शब्दाने विचारत नाही. पण रात्री कोणी येऊन बसत नाही. हे मी कमी-जास्त ठरवायला सांगत नाही. मला दोन्हीची किंमत ठाऊक आहे.

न आवडणाऱ्या गोष्टीही सारख्याच. एका छोट्या बदलाला पाच सह्या. दर दीड-दोन वर्षांनी विभागांची नव्याने मांडणी. कोण कोणाला जबाबदार ते कळत नाही, कारण प्रत्येकाचे दोन साहेब. जर्मनीत तर निर्णय इतके रेंगाळतात की पुण्यातून आलेल्या माणसाचा जीव घुसमटतो. पगार श्रेणीने ठरतो, त्यामुळे झपाट्याने काम करणारा आणि घड्याळ बघणारा एकाच पायरीवर राहतात. भाषा कच्ची असेल तर वरच्या जागा कागदावर खुल्या आणि प्रत्यक्षात बंद. पुण्यात पंचविशीतल्या मुलीला आठ जणांची टीम मिळते. इथे त्यासाठी चाळिशी गाठावी लागते.

पण या सगळ्याच्या खाली एक तक्रार असते आणि मोठ्या कंपनीत खरं दुखतं ते तिथे. आपल्याबद्दलचा निर्णय असा कोणीतरी घेतो, ज्याला आपलं नावही माहीत नसतं, आणि तो आपल्याला फक्त कळवला जातो. छोट्या कंपनीत मालक वाईट असला तरी समोर असतो; त्याच्या केबिनमध्ये जाऊन भांडता येतं. मोठ्या कंपनीत भांडायचं कोणाशी? हिंजवडीत आमच्या कंपनीत दर तिमाहीला टाउनहॉल व्हायचा. प्रश्न आदल्या दिवशी पाठवायचे, एचआर त्यातले निवडायची, आणि मंचावरून उत्तरं मिळायची ती पार्किंगची आणि कँटीनची. रेटिंगच्या बेल कर्व्हमध्ये दर वर्षी ठरावीक माणसं खाली का ढकलली जातात, हा प्रश्न निवडला गेल्याचं मला आठवत नाही. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडचाही नाही.

इथे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या समितीला बेट्रिब्सराट म्हणतात. पाच कर्मचारी असलेल्या जागीही ती निवडता येते. ओव्हरटाइम लावायचा तर तिची संमती लागते. कामाच्या वेळा ठरवायच्या तर लागते. माणसाच्या कामावर नजर ठेवू शकेल असं सॉफ्टवेअर बसवायचं तरी लागते. कोणालाही काढण्याआधी कंपनीने समितीला कारण सांगून तिचं म्हणणं ऐकलं पाहिजे, नाहीतर ते काढणंच बेकायदा ठरतं. मूल्यमापनाच्या बैठकीत समितीच्या सदस्याला सोबत नेता येतं, स्वतःची फाइल मागून वाचता येते. आणि तीन महिन्यांतून एकदा सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा, कामाच्या वेळेत, पगारी.

अशा एका सभेत, आमचा विभाग दुसऱ्यात विलीन करायचं ठरलं तेव्हा, जुळणी विभागातली एक बाई उठली. हातात कागद नव्हता. तिने कारखानाप्रमुखाला विचारलं की गेल्या वर्षी याच जागी उभं राहून तुम्ही उलट सांगितलं होतं, मधल्या काळात काय बदललं? सभागृह भरलेलं होतं. त्याला उत्तर द्यावं लागलं. उत्तर चांगलं नव्हतं, आणि विलीनीकरण थांबलंही नाही, पण ते कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटींवर लागू होणार, हे पुढचे काही महिने समितीशी बसून ठरलं. मला त्या दिवशी बाबांची फार आठवण आली.

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात मशीनवर होते. त्यांच्या कंपनीत युनियन होती, तीन वर्षांनी करार व्हायचा, दिवाळीच्या बोनसची बोलणी आमच्या घरात चहाबरोबर चालायची. बाबा दहावीपर्यंत शिकलेले, पण साहेबासमोर बसून 'हे मान्य नाही' म्हणायची सोय त्यांना होती. त्यांनी कर्ज काढून मला इंजिनिअर केलं आणि मी एसी ऑफिसात गेले, पण ती सोय मला नव्हती. एका पिढीत पगार कितीतरी पटीने वाढला आणि आवाज गेला. आपल्या मध्यमवर्गाने याचा पुरेसा विचार केला आहे असं मला वाटत नाही.

त्याचं एक कारण मला समजतं. महाराष्ट्रात युनियन म्हटलं की 1982 चा गिरणी संप डोळ्यांसमोर येतो. लाखो कामगार बाहेर पडले, घरं उद्ध्वस्त झाली, गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी मुलांना बजावलं, यात पडू नका. ती भीती खरी आहे. पण इथे जे मी पाहते ते संपाचं राजकारण नाही. निवडून आलेल्या समितीला संप पुकारताच येत नाही, कायद्याने मनाई आहे. संप हे बाहेरच्या कामगार संघटनेचं काम. समितीने रोज टेबलावर बसायचं आणि कागदपत्रं मागायची.

हे परकं आहे असंही नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात 1912 मध्ये आठ तासांचा दिवस आला. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असतानाच्या कामातून 1946 ची कारखाना कायद्यातली दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची, आणि कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्यापेक्षा कमी नसतील अशी, कार्यसमिती नेमायला लावण्याची तरतूद होती. आणि 1976 मध्ये, ज्या वर्षी जर्मनीने दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांना दिल्या, त्याच वर्षी आपण घटनेत अनुच्छेद 43-अ घातला: उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, यासाठी राज्याने पावलं उचलावीत. एकाच वर्षी दोन देशांनी एकच गोष्ट लिहिली. त्यांनी ती सक्तीच्या कायद्यात लिहिली. आपण मार्गदर्शक तत्त्वांत, जिथून ती न्यायालयात मागता येत नाही.

नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कार्यसमिती त्यांतही आहे. पण 'कामगार' कोण याच्या व्याख्येतून व्यवस्थापकीय कामं करणारे आणि महिना 18 हजारांहून जास्त मिळवणारे पर्यवेक्षक वगळले आहेत. हिंजवडीत दोन वर्षं काढलेल्या मुलाच्याही पदनामात 'लीड' किंवा 'मॅनेजर' असतं, आणि मग तो कामगार आहे की नाही यावरच वाद सुरू होतो. महाराष्ट्र सरकारने तर सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यांतला दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं. त्या विधेयकाची चर्चा माझ्या ग्रुपवर एक संध्याकाळ टिकली. 2024 मध्ये पुण्यात एका नामांकित लेखा कंपनीतली 26 वर्षांची मुलगी गेली, तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल पत्र लिहिलं, तेव्हा ती चर्चा काही आठवडे टिकली होती.

मोठ्या कंपनीचा खरा कस नोकरकपातीत लागतो. जर्मनीची मोटारसृष्टी सध्या वाईट काळातून जाते आहे. फोक्सवागनने डिसेंबर 2024 मध्ये 2030 पर्यंत 35 हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करायचा करार केला. बॉशने सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 13 हजार जागांची घोषणा केली. स्टुटगार्टच्या परिसरात घराघरांत काळजी आहे, माझ्याही. समिती नोकऱ्या वाचवतेच असं नाही. पण फोक्सवागनच्या करारात सक्तीची कपात नाही आणि कारखाने लगेच बंद करायचे नाहीत, हे वाटाघाटींच्या टेबलावर मिळवलेलं आहे. कपात करावीच लागली तर आधी कोण, हे ठरवताना वय, सेवेची वर्षं, पोसायची माणसं आणि अपंगत्व बघायला कायदा भाग पाडतो. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार जणांना कमी करण्याचं जाहीर केलं. माझ्या बरोबरीची, चाळिशीतली, घराचे हप्ते चालू असलेली माणसं त्या दिवसांत एकमेकांना एकच विचारत होती: यादी कशी केली? त्याचं उत्तर मागायला त्यांच्यापाशी खुर्ची नव्हती.

आता मला जे सर्वांत जास्त टोचतं ते. आमच्या कंपनीचं पुण्यात मोठं केंद्र आहे. त्याच प्रॉडक्टवर, तोच कोड, तेच टूल. इथले साडेचार वाजले की पुण्यात उन्हाळ्यात आठ वाजलेले असतात आणि हिवाळ्यात नऊ. इथे समितीशी झालेल्या करारामुळे संध्याकाळी सहानंतर बैठक ठेवता येत नाही. पण ते सहा स्टुटगार्टचे. दुपारी साडेतीनची बैठक इथे सोयीची असते आणि पडद्यावर मला पुण्याची सहकारी प्राची दिसते, मागे तिची मुलगी अभ्यासाची वही घेऊन उभी. तिच्या वेळेचा करार कोणी केलेला नाही. इथल्या समितीला इथल्या नोकऱ्या जपायच्या आहेत आणि पुण्याकडे काम सरकतंय ही तिची मुख्य धास्ती. पुण्याच्या लोकांना वाटतं, जर्मन लोक आरामात आहेत. दोन्ही बाजूंना माहीत नाही की एका बाजूला हक्क नसणं हेच दुसऱ्या बाजूचं काम स्वस्तात हलवायचं कारण आहे. पुण्यात बोलणारं कोणी असतं तर इथल्या माणसाचीही नोकरी जास्त सुरक्षित राहिली असती.

2026 च्या मार्च ते मे दरम्यान जर्मनीभर समित्यांच्या निवडणुका; त्या चार वर्षांनी होतात. आमच्याकडे उमेदवार टेबलं मांडून बसतात. त्यातल्या दोन वेगवेगळ्या याद्यांवरच्या उमेदवारांना मी सांगितलं आहे की बैठकांच्या करारात 'सर्व सहभागींच्या स्थानिक वेळेनुसार' एवढे शब्द घालायचं वचन दिलंत तर मत. एकाने हसून सांगितलं की पुणे आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही. दुसरी, खरेदी विभागातली, म्हणाली, लेखी दे. जर्मनीच्या 2023 पासूनच्या पुरवठा साखळी कायद्याने मोठ्या कंपनीवर परदेशातल्या तिच्या नियंत्रणाखालच्या उपकंपन्यांमधल्या कामाच्या परिस्थितीचीही जबाबदारी टाकली आहे आणि तक्रारीची वाट ठेवली आहे, हे तिला ठाऊक होतं. मी लिहून दिलं. पुण्याच्या सहकाऱ्यांनाही विचारलं, तुमच्याकडे कार्यसमिती मागायची का? प्राचीने लगेच हो म्हटलं. बाकीच्यांनी विचारलं, नावं द्यावी लागतील का?