खसखशीचा रकाना

दुसऱ्यांच्या कंपन्यांनी काय करावं, हे सांगण्याचे मी पैसे घेतो. कोणता कारखाना बंद करावा, कोणत्या शहरात शाखा उघडावी, यावर चाळीस-चाळीस स्लाइडी करून मी मोठमोठ्या साहेबांना माना डोलवायला लावल्या आहेत. त्यामुळे दुबई, सिंगापूर आणि म्युनिक अशा तीन ठिकाणच्या कन्सल्टिंगच्या ऑफर एकाच आठवड्यात हातात पडल्या, तेव्हा मला अजिबात घाम फुटला नाही. म्हटलं, एक्सेल उघडू, अर्ध्या तासात निकाल.

हा अर्धा तास सतरा दिवस चालला.

सुरुवात रीतसर झाली. डावीकडे मुद्दे, वर तीन शहरं, प्रत्येक मुद्द्याला वजन. पगाराला तीस, कामाला पंचवीस, असं करत बेरीज शंभर. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर हा संसार मांडला होता. बाबा बँकेतून रिटायर झालेले, म्हणजे दुसऱ्याच्या कागदात डोकावणं हा त्यांचा पेन्शनीसोबत मिळालेला हक्क. चष्मा वर करत म्हणाले, "हे वजन कोणी ठरवलं?"

"मीच."

"मग उत्तरही तूच ठरवलंयस की. एवढे चौकोन कशाला?"

पंधरा वर्षांच्या व्यवसायात हे मला एकाही क्लायंटने विचारलं नव्हतं. देव करो आणि न विचारो.

दुबईचं पारडं आधीपासून जड होतं. पगारावर इन्कम टॅक्स नाही, हे कळल्यावर बाबांनी तीनदा "शून्य?" विचारलं आणि चौथ्यांदा स्वतःशीच म्हणाले. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री साडेअकराला भुट्ट्याचा कीस खाताना मित्रानेही निकाल दिला, "भिया, सोच क्या रहा है, निकल ले!" वर इंदूरहून परदेशी जाणारं पहिलं थेट विमान 2019 च्या जुलैत सुटलं तेही दुबईलाच, म्हणजे गाव त्या दिशेला आधीच कललेलं.

पण शेवटच्या कॉलवर तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की ऑफिस दुबईत, प्रोजेक्ट मात्र बहुतेक रियाधला. मी कॅलेंडर घेऊन बसलो. दुबईत 2022 पासून सुट्टी शनिवार-रविवार. रियाधला शुक्रवार-शनिवार. म्हणजे क्लायंट रविवारी सकाळी वाट बघणार, आणि शुक्रवारी आपलं ऑफिस "एक छोटासा कॉल" लावणार. दोन्ही सुट्ट्यांचा मसावि काढला तर शनिवार उरतो, आणि त्याची संध्याकाळ विमानतळावर. इस्त्रीचे शर्ट कोणत्या देशात ठेवायचे हाच प्रश्न होता.

सिंगापूरचा निकाल बाबांनी परस्पर लावला. मी नुसतं म्हटलं, शहर फार स्वच्छ आहे. तर म्हणाले, "स्वच्छता बघायला सिंगापूर कशाला? 2017 पासून सर्वेक्षणात इंदूर पहिलं येतंय." तिथे टॅक्स कमी, परदेशी माणसाचा पीएफही कापत नाहीत, पण सगळं वाचलेलं घरमालक घेऊन जातो. तरी दिवाळीला सरकारी सुट्टी आहे म्हणून मी त्याला दोन गुण जास्त दिले होते. ते आईने मान्य केले.

उरलं म्युनिक. काम सर्वांत चांगलं, वर्षाला तीस दिवस रजा, रविवारी दुकानं बंद आणि ड्रिल चालवायची बंदी. पण शंभर कमावले तर साठेक हातात. "का?" बाबा खुर्चीत सरळ झाले. मी समजावलं, तिथे टॅक्सचे सहा वर्ग असतात. एकटा माणूस पहिल्या वर्गात. लग्न झालं, बायकोचा पगार नसला किंवा कमी असला, की नवऱ्याला तिसरा वर्ग घेता येतो, मग महिन्याला हातात बरेच जास्त येतात.

आई कणीक मळत होती. तिचे हात क्षणभर थांबले. एवढंच. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नीमचहून आत्याचा फोन. "अरे, तू दुबईला जाऊन राहिलास म्हणे? मग खसखस नेऊ नकोस हं, पकडतात!" आत्या दरवर्षी दिवाळीआधी आमच्याकडे खसखस पाठवते. नीमच-मंदसौरकडे अफूची शेती सरकारी परवान्याने होते, नीमचला सरकारचा अफूचा कारखानाच आहे. आपल्या घरातली खसखस त्याच बोंडातली, म्हणून दुबईत तिच्यावर बंदी. मी शोधलं, तर सिंगापूरलाही बंदी.

"म्हणजे अनारसे नाहीत?" आई म्हणाली. तीन दिवस पाणी बदलत भिजवलेले तांदूळ, गुळात मळलेलं पीठ, खसखशीवर थापून खसखस वर ठेवत तुपात सोडलेला तो अनारसा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. हे सगळं तिने मला असं सांगितलं, जणू मीच तिच्यावर बंदी घातली होती. "आणि जर्मनीत?"

जर्मनीत खसखशीचा केक करतात. चिमूटभर भुरभुरवलेला नव्हे, आत काळ्या खसखशीचा बोटभर थर.

"बघ," आई म्हणाली.

मी निमूटपणे नवा रकाना टाकला. "खसखशीला किती वजन देऊ?"

"पाव किलो पुरे."

पाच दिलं. म्युनिक दोन गुणांनी वर आलं. रकाना काढून पाहिला, दुबई वर. परत टाकला, म्युनिक. असं रात्री दीडपर्यंत. एरवी मी अशा गोष्टीला सेन्सिटिव्हिटी अनॅलिसिस म्हणतो आणि वेगळं बिल लावतो. शेवटी रियाधचे शर्ट आठवले, आणि दुबईवाल्यांची मुदत संपायच्या आदल्या दिवशी म्युनिकला होकार कळवला.

सकाळी पोहे खाताना मी ऐटीत म्हणालो, "आई, दिवाळीचे अनारसे बिनधास्त पाठव."

"तू कुठे खातोस अनारसे?" पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याची डबी पुढे सरकवत ती म्हणाली. "लहानपणापासून खसखस खरवडून ताटाच्या कडेला लावतोस."

आणि आतल्या खोलीत जाऊन तिने फोन लावला. दार नीट लागत नाही ते बरं आहे.

"वन्सं, हो, जर्मनीच. खसखशीचं चाललं अगदी. आता तुमच्या त्या उज्जैनच्या मुलीचं विचारा. तिसऱ्या वर्गाचं बघायला हवं ना लवकर."