मी मोजलं, ते बोलले

गाडी दुरुस्त केली मी आणि नाव झालं शेजारच्या काकांचं. अंगठ्याच्या नखातलं ग्रीस अजून निघालेलं नाही, म्हणून म्हटलं, राग ताजा आहे तोवर लिहून टाकावं.

गाडी म्हणजे जुनी डिझेल फोर बाय फोर. सेल्फ मारला की नुसती कण्हायची. बॅटरी नवी घातली, तिनेही मान टाकली. म्हणजे घोळ चार्जिंगचा. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मात्र चावी फिरवली की लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. त्याच्या मते सगळं आलबेल.

बॉनेट उघडलं. हाक मारून जी माणसं येत नाहीत, ती बॉनेटच्या आवाजाने येतात. काका आले, हात मागे बांधून.

"डायनॅमो गेला."

"काका, हा अल्टरनेटर आहे." म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र; जुन्या गाड्यांत हे काम डायनॅमो करायचा.

"तेच ते. पट्टा बघ."

पट्टा बघून झाला होता. अंगठ्याने दाबला की सेंटिमीटरभर दबत होता, ठीक होता.

"मग कार्बन झिजले. नाहीतर कटआउट. नाहीतर अर्थिंग. बॅटरीत पाणी आहे का? नाहीतर असं कर, गाडी चालू ठेव आणि बॅटरीची एक वायर काढ. बंद पडली तर डायनॅमो गेला."

हा उपाय खऱ्या डायनॅमोच्या जमान्यातला. चालू अल्टरनेटरपासून बॅटरी अशी तोडली तर व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड, रेग्युलेटर उडू शकतात. म्हणजे नसलेला आजार विकत घ्यायचा.

"काका, हिचा डिझेल पंप मेकॅनिकल आहे. एकदा सुरू झाली की विजेवाचून चालते. वायर काढली तरी बंद पडणार नाही."

"म्हणजे डायनॅमो चांगलाय!"

"अहो, डायनॅमो काढून ठेवला तरी चालेल."

"मग लावलाय कशाला?"

यावर काय बोलणार? तेवढ्यात त्यांचा हात खरोखरच टर्मिनलकडे गेला. वयाचा मान राखून मी पाना मध्ये घातला.

त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असताना मी मल्टिमीटर लावला. इंजिन जरा चढवलं, हेडलाइट लावले. अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टापासून त्याच्याच बॉडीपर्यंत 14.2 व्होल्ट. झकास. बॅटरीवर मात्र 12.4. मधले 1.8 कुणीतरी खात होतं. पॉझिटिव्ह वायरवर 0.1, म्हणजे ती निर्दोष. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अल्टरनेटरच्या बॉडीला: 1.7! इथे 0.2 च्या वर जाता कामा नये.

बॅटरीचं निगेटिव्ह चेसिसला जोडलेलं, पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे चेसिसशी त्याचं विजेचं नातं एका विणलेल्या पट्टीवर टिकून असतं. मी गाडीखाली घुसलो. पट्टी होती, पण कुणा महाभागाने चेसिस रंगवताना तिचं टोक सोडवून खालीही रंग मारला होता आणि बोल्ट त्यावरच आवळला होता. वरून ओढ्या-नाल्यांतला चिखल, आत गंज. चेसिस चकाचक दिसावी म्हणून रंग मारणारे हे लोक गाडी विकून मोकळे होतात, आणि पाठीवर झोपून दुसऱ्याच्या हौसेचे पापुद्रे खरवडायचे आम्ही! पॉलिश पेपरने धातू उघडा केला, बोल्ट आवळला. बॅटरीवर 14.1.

"काय निघालं?"

"इंजिनची अर्थची पट्टी."

"बोललो होतो ना, अर्थिंग!"

बोलले होते, नाकारत नाही. पट्टा, कार्बन, कटआउट आणि पाणी हेही बोलले होते, पण ते कुणाला आठवतंय? ज्याला त्याला सांगत सुटलेत, नुसतं बघून ओळखलं म्हणून. लोकांनाही ते पटतं. मोजणाऱ्याचे कपडे मळतात आणि अंदाज फेकणाऱ्याला मान मिळतो, ही कुठली रीत?

वर माझा मल्टिमीटर घेऊन गेलेत. घरच्या फ्रिजचं अर्थिंग बघायचंय म्हणे. मागायला गेलं की विचारतात, "आता तुला कशाला लागतो? गाडी तर झाली!"