हात सोडून गाडी सरळ गेली म्हणून अलाइनमेंट ओके नसते

गेल्या आठवड्यात एकच मेसेज आमच्या सोसायटीच्या, ऑफिसच्या आणि गावाकडच्या अशा तिन्ही ग्रुपवर येऊन पडला. "व्हील अलाइनमेंट हा टायरवाल्यांचा धंदा आहे, फसू नका", आणि खाली पाच मुद्दे. (अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा आणि कल बरोबर सेट करणं.) लिहिणाऱ्याचा राग मला कळतो, कारण गाडीला हात न लावता बिल फाडणारी दुकानं आहेतच. पण हा मेसेज वाचून लोक अलाइनमेंट करायचीच सोडून देतील, आणि त्यातल्या पहिल्याच गैरसमजापायी माझे पुढचे दोन टायर वाया गेलेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

मेसेजमधला पहिला मुद्दा: "मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सोडा, गाडी सरळ गेली तर अलाइनमेंटची गरज नाही."

हा सगळ्यात घातक आहे. गाडीकडे वरून बघितलं अशी कल्पना करा, पुढची दोन चाकं आत वळलेली असतील तर टो-इन आणि बाहेर फाकलेली असतील तर टो-आउट. टो मोजतात तो दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर यातला फरक म्हणून, आणि कंपनीने ठरवलेला टो अगदी शून्याच्या आसपास असतो. आता समजा दोन्ही चाकं सारखीच बाहेर फाकलीत, तर डावं चाक डावीकडे ओढणार, उजवं उजवीकडे ओढणार, दोघांची ओढ एकमेकांत कटते आणि गाडी मस्त सरळ जाते. टायर मात्र प्रत्येक मीटरला घासतोय. हिशोबच करून बघा, साध्या हॅचबॅकचा टायर साधारण ६२० मिमी उंचीचा असतो, टो एकूण ३ मिमीने चुकला तर एका चाकाच्या वाट्याला दीड मिमी, म्हणजे एक किलोमीटर गेल्यावर ते चाक जवळपास अडीच मीटर आडवं घासलं गेलं. पुणे-कोल्हापूर जाऊन येऊन साडेचारशेच्या वर किलोमीटर होतात, तेवढ्यात टायर एक किलोमीटरपेक्षा जास्त नुसता आडवा घासला!

माझं नेमकं हेच झालं. गाडी सरळ जायची, स्टिअरिंग सरळ, बाहेरून टायरची नक्षी चांगली दिसायची. कराडजवळ पंक्चर काढायला थांबलो, त्या माणसाने चाक काढून आतली बाजू माझ्याकडे फिरवली तर आतल्या कडेला तार उघडी पडलेली. १८,००० किमी झाले होते फक्त. बायको आणि दोन्ही पोरं गाडीत होती आणि त्याच टायरवर आम्ही पुण्यापासून शंभरने आलो होतो, आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

आणि उलटंही होतं. अलाइनमेंट एकदम बरोबर असलेली गाडीसुद्धा हात सोडल्यावर हळूहळू डावीकडे जाऊ शकते कारण पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो आणि आपण डावीकडून चालवतो. कधीकधी दोष टायरचाच असतो, पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करा (नक्षीवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर), ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर टायरच ओढतोय. तेव्हा हात सोडून काहीच सिद्ध होत नाही, आणि कृपा करून हायवेवर हे करू नका. हातानेच तपासायचं असेल तर गाडी उभी करा आणि टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने कानशीसारखी धार लागली तर टो चुकलाय. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघायला विसरू नका, टायर आतून झिजत असेल तर बाहेरून कळत नाही.

दुसरा मुद्दा: "अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एकच, दोनदा पैसे घेतात." नाही हो. बॅलन्सिंगला चाक गाडीतून काढून मशीनवर फिरवतात आणि जिथे कमी पडतं तिथे रिमला वजन लावतात, ते बिघडलं की ८०-१०० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंटला चाकं गाडीलाच राहतात आणि त्यांची दिशा सेट होते. एक करून दुसरं होत नाही.

तिसरा: "कंपनीतून सेटिंग करून येतं, ॲक्सिडेंट झाल्याशिवाय हलत नाही." यातलं अर्धं खरं आहे, टायरॉडचा (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) लॉकनट आपोआप ढिला होत नाही सहसा. पण लोअर आर्मचे (चाकाला खालून धरून ठेवणारा सस्पेन्शनचा भाग) बुश रबराचे असतात, ते फाटतात, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट झिजतो, आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक साठच्या स्पीडला आदळलं तर लोअर आर्म वाकायला ॲक्सिडेंट कशाला लागतो? टायरॉड एंड, रॅक एंड (टायरॉडचे बाहेरचे आणि आतले सांधे), लोअर आर्म, स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर असलेला खांब) यातलं काहीही खोललं की अलाइनमेंट करावीच लागते. पण दर महिन्याला करा असं मीही म्हणत नाही, गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात जो आकडा आहे तो पाळा आणि मोठा दणका बसला तर त्याची वाट बघू नका.

चौथा: "मागच्या चाकांना अलाइनमेंट नसतेच, चार चाकांचे पैसे उकळतात." बहुतेक छोट्या गाड्यांत मागे एकच सलग बीम असतो आणि तिथे ॲडजस्ट करायला खरंच काही नसतं. पण मोजावं लागतं! मागची चाकं ज्या दिशेला वळलेली असतात तिकडे गाडी जाते, ती दिशा धरूनच पुढचा टो सेट करायचा असतो, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरून चालवावं लागतं. बीम सरकला असेल तर तेही इथेच कळतं.

आता पाचवा, "करायचीच असेल तर थ्रीडी मशीनवर करा, स्क्रीनवर हिरवं आलं की झालं." इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण चांगल्या चांगल्या लोकांचा हाच समज असतो. मशीन फक्त मोजतं, चाकांवर लावलेल्या पाट्या कॅमेऱ्याने बघून. त्याआधी माणसाने काय केलं यावर सगळं आहे. चारही टायरची हवा तपासली का, गाडीचं बरोबर मॉडेल निवडलं का (चुकीचं निवडलं तर चुकीच्या आकड्यांवर हिरवं येणार), पाट्या लावल्यावर गाडी थोडी मागे-पुढे ढकलून रिमचा वाकडेपणा मशीनला कळू दिला का, पुढच्या चाकांखालच्या फिरत्या थाळ्यांच्या पिना काढल्या का, बॉनेट दाबून सस्पेन्शन एकदा खालीवर केलं का, स्टिअरिंग सरळ धरून लॉक केलं का. मग दोन्ही बाजूंचे टायरॉड फिरवायचे, एकाच बाजूने आकडा जुळवला तर स्टिअरिंग तिरकं होतं. टायरॉड फिरवताना स्टिअरिंग रॅकच्या रबरी बूटला (आवरणाला) पीळ पडता कामा नये आणि लॉकनट आवळल्यावर आकडा परत बघायचा कारण आवळताना तो सरकतो. यातलं काहीच न करता दहा मिनिटांत हिरवं दाखवणारे मी स्वतः बघितलेत.

शिवाय हिरवं म्हणजे एक रेंज असते. डाव्या चाकाचा कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक वरून आत किंवा बाहेर किती कललंय ते) रेंजच्या एका टोकाला आणि उजव्याचा दुसऱ्या टोकाला असला तरी दोन्ही हिरवेच दिसतात आणि गाडी ओढते, म्हणून डाव्या-उजव्यातला फरक विचारा.

"कॅम्बर आउट आहे, जास्तीचे लागतील" हे ऐकलं की आधी विचारा, का आउट आहे? बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅम्बर ॲडजस्ट करायची सोयच नसते, आकडा बाहेर असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. ते न शोधता जॅक लावून स्ट्रटच वाकवून आकडा जुळवणारे आहेत, एका मोठ्या दुकानात माझ्यासमोर हे चालू केलं तेव्हा मी गाडी खाली उतरवून घेतली.

तिथून साताऱ्यातल्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी मशीन चालूच केलं नाही, गाडी जॅकवर घेतली, चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवलं आणि मला म्हणाले, तुम्ही हलवा. कट-कट आवाज. "टायरॉड एंडला प्ले आहे दादा, म्हणजे तो ढिला झालाय, आत्ता अलाइनमेंट केली तर आठ दिवसांत परत याल, आधी हे बदला." एक रुपया घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पार्ट बदलून गेलो, पाऊण तास लागला, आधीची आणि नंतरची दोन्ही प्रिंट हातात दिली आणि शेजारी बसून हायवेला एक चक्कर मारून आले. त्या प्रिंट अजून ग्लोव्हबॉक्समध्ये आहेत, आणि तेव्हा टाकलेले टायर आता ३१,००० किमीला आतून-बाहेरून सारखेच झिजलेत, परवाच चाकं काढून बघितली.