आधी तोड कुणाच्या हातात ते विचारा

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या काकूंनी एक नियम पिन करून ठेवलाय: ‘राजकारण नको. वाढदिवस, लग्नपत्रिका आणि सुखदुःख एवढंच टाका.’ जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली आणि वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरातही उभी फूट पडली. एक चुलतभाऊ फुटलेल्या गटाबरोबर गेला, दुसरा जागेवर राहिला. दोन महिन्यांत आंतरवाली सराटीत लाठीमार झाला, मराठा-ओबीसी वाद तापला, आणि काकूंचा नियम आणखी कडक झाला. नियमामुळं घर टिकलं, असं त्या म्हणतात. मला तसं वाटत नाही. ग्रुप गप्प झाला, माणसं नाही झाली. जे आधी एकमेकांच्या तोंडावर बोलत होते ते आता स्टेटसवरून टोमणे मारतात, आणि स्टेटसला उलट उत्तर देता येत नाही.

मी आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये राहतो. सुट्टीला गावी गेलो की पारावर कोणीतरी हमखास म्हणतं, ‘तुमच्याकडं बरंय, लोक समंजस.’ समंजस? नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेबाहेर चाकूहल्ला झाला, अफवा पसरली आणि त्याच संध्याकाळी डब्लिनच्या भर वस्तीत बस आणि ट्राम पेटवल्या गेल्या. 2025 च्या उन्हाळ्यात भारतीयांवर इतके हल्ले झाले की इथल्या आपल्या दूतावासाला ‘निर्जन ठिकाणी जाऊ नका’ अशी सूचना काढावी लागली. आणि 1922-23 च्या यादवी युद्धातून उभे राहिलेले इथले दोन मोठे पक्ष एकत्र सत्तेत बसले ते थेट 2020 मध्ये. (त्यातल्या एका पक्षाचे तेव्हाचे नेते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. आमच्या ग्रुपवर राजकारण बंद असलं तरी ही बातमी चालते.) गोऱ्या माणसाला समजूत उपजत मिळते, हा गैरसमज इथं राहिलं की लवकर फिटतो.

तरी यांनी केलेली एक गोष्ट घरच्यांना सांगावीशी वाटते. गर्भपाताच्या प्रश्नावर या देशात पिढ्यानपिढ्या भांडण होतं. 1983 मध्ये बंदी थेट घटनेत घातली होती. 2012 मध्ये मूळच्या बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार यांचा इथं गर्भपात नाकारला गेल्यानंतर मृत्यू झाला आणि देश ढवळून निघाला. बेळगाव आपल्याला काही परकं नाही. त्या बातमीनं सांगली-मिरजेतही लोक हळहळले होते. पुढं 2016 मध्ये सरकारनं वय, लिंग, भाग, वर्ग यांचा मेळ घालून 99 सामान्य नागरिक निवडले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना अध्यक्ष नेमलं. शनिवार-रविवारी डब्लिनजवळच्या एका हॉटेलात ही माणसं गोल टेबलांभोवती बसत. प्रत्येक टेबलावर बोलणं सांभाळायला एक जण असे, म्हणजे बडबड्यानं सगळा वेळ खायचा नाही आणि बुजऱ्याची पाळी चुकायची नाही. डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या संघटना आणि स्वतः त्या प्रसंगातून गेलेल्या बायका, सगळ्यांचं ऐकून मग मतदान. मे 2018 च्या सार्वमतात 66 टक्क्यांवर लोकांनी बंदी उठवली. सभा एकतर्फी होती, असं विरोधक आजही म्हणतात, म्हणोत. माझ्या मते महत्त्वाचं हे की त्या 99 जणांचे स्वभाव कुणी बदलले नव्हते. बसायची सोय तेवढी बदलली होती.

आता हेच घरी लागू करायला गेलो की घोडं पेंड खातं. परदेशातला माणूस सांगतो, ‘दुसऱ्याचं मत ऐकून घ्या.’ आमच्याकडं भांडण मतांचं असतं तरी कुठं? ते गटाचं असतं. फुटलेल्या गटात गेलेल्या थोरल्या चुलतभावाला, दादाला, मी फोनवर विचारलं होतं, ‘तुला त्यांचं काय पटलं?’ तो हसला.

‘पटायचं काय त्यात? माझा आडसाली ऊस उभा हाय. गेल्या साली तुरा आला तरी टोळी आली न्हाई. चिटबॉय म्हणायचा, उद्या देतो, परवा देतो. बांधाशेजारच्याची लागण माझ्या मागनं, तोड माझ्या आधी. तुला काय जातंय तिकडं बसून?’

ज्यांना ऊस माहीत नाही त्यांच्यासाठी: आडसाली म्हणजे सोळा-अठरा महिन्यांचा ऊस, टोळी म्हणजे ऊस तोडणारे मजूर आणि चिटबॉय म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस. तुरा आला की उसाची वाढ थांबते, मग तो आतून पोकळ पडत जातो आणि वजन घटतं. सोळा-अठरा महिने पाणी, खत, मजुरी घातलेलं पीक दिवसागणिक शेतात हलकं होत असतं. कागदावर तोडीचा क्रम लागणीच्या तारखेप्रमाणं. प्रत्यक्षात टोळी कुणाच्या फडात आधी शिरेल, हे फोन कुणाचा जातो त्यावर. वर टोळीची खुशाली, ड्रायव्हरची एंट्री, हे पैसे वेगळेच. सोसायटीचं पीककर्ज आणि पाणी-परवाना यांतही कुणाची तरी ओळख लागतेच. अशा ठिकाणी गट सोडणं म्हणजे मत बदलणं नव्हे, ते हंगाम पणाला लावणं आहे. त्यामुळं ‘तू त्यांना पाठिंबा का देतोस’ या प्रश्नाला दादाकडून खरं उत्तर कधीच मिळालं नसतं. ‘सोडलास तर तुझं काय जाईल’ हे विचारलं तर तो तासभर बोलतो.

हा प्रश्न डब्लिनमध्येही चालला. शेजारचे निवृत्त बसड्रायव्हर निर्वासितांच्या विरोधात बोलायला लागले तेव्हा मला राग आला होता. त्यांच्या दृष्टीनं मीही बाहेरचाच की. पण विचारत गेल्यावर कळलं, तिशी ओलांडलेली मुलगी नोकरी असूनही भाडं परवडत नाही म्हणून त्यांच्या माडीवर राहते. त्यांचं मत मला अजूनही चुकीचंच वाटतं. आता निदान मी भाड्यांवर त्यांच्याशी बोलू शकतो आणि तिथं आमचं एकमत आहे.

मात्र हे कुतूहल सगळीकडं पुरत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत एका पोस्टवरून जमाव चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. जमावाला ‘तुमचं म्हणणं समजून घेऊ’ म्हणायचं नसतं, तिथं आधी पोलीस आणि कोर्ट. ज्याच्या दारावर दगड पडलेत त्यानंच मन मोठं करावं, ही अपेक्षा तर निव्वळ निर्लज्जपणा आहे. मन मोठं करायची पाळी आमच्यासारख्यांची, ज्यांच्या दाराला कुणी हात लावत नाही.

आणि आपल्याकडं काहीच नाही, असंही नाही. आमच्याच तालुक्यातल्या गोटखिंडीत 1980 पासून गणपती मशिदीत बसतो. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यास करतात, मोठी माणसं बोलतात. हे कुठल्या युरोपातून आणलेलं नाही.

ग्रामसभा आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. पण तिथं कोरम होत नाही, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव. माझी सूचना साधी आहे. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आपण लहान पोराच्या हातानं चिठ्ठी काढून करतो आणि निकाल रुचला नाही तरी त्या पोराला कुणी गटाचं म्हणत नाही. तशाच चिठ्ठ्या मतदारयादीतून काढायच्या. पंधरा माणसं, निम्म्या बायका. विषय एकच, दरसाल बदलता: यंदा तोडीचा क्रम, पुढच्या साली आणखी काही. दोन संध्याकाळी, वडगावसारखा भोंगा वाजवून.

दादाला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि त्या पंधरा जणांना च्या कोण पाजणार? ज्याचा च्या, त्याचा गट.’

आयर्लंडमध्ये जेवणखाण आणि हॉटेलचा खर्च सरकारनं केला होता. आमच्या ग्रामपंचायतीत चहाचं बिल कुणाच्या सहीनं निघतं, ते विचारायला हवं.