तंबू अंधारा हवा, हवाबंद नव्हे

शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो अशी लांब रात्र मिळाली तरच कळ्या धरणारी झाडं घरातल्या तंबूत, म्हणजे दिवे आणि पंखा लावलेल्या, चेनने बंद होणाऱ्या कापडी खोलीत वाढवणाऱ्यांमध्ये एक संदेश दर हंगामात फिरतो. तो थोडक्यात असा: ‘कळ्या हव्या असतील तर अंधाराच्या तासांत प्रकाशाचा एक किरणही आत जाता कामा नये. म्हणून तंबूच्या सगळ्या खिडक्या आणि नळ्या टेपने बंद करा. पंखाही बंद ठेवा, झाडं तेव्हा झोपलेली असतात. डोकावायचंच असेल तर लाल दिवा वापरा. एवढं करून कळ्या आल्या नाहीत तर समजा, कुठेतरी फट राहिली आहे.’

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातं. पहिल्या वर्षी मीही हा संदेश शब्दशः पाळला. टेपचे दीड रोल संपले. रोज सकाळी चेन उघडली की न्हाणीघरातून यावी तशी वाफ अंगावर यायची. शेवंतीला कळ्या उशिरा आल्या, आणि आल्या त्यातल्या निम्म्या करड्या बुरशीने गेल्या.

‘एक किरणही चालत नाही’

ही समजूत कुठून आली ते कळतं. फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं, हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी संशोधकांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या काटेरी फळांच्या तणावर दाखवलं, की खरं महत्त्व अखंड रात्रीला आहे. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ प्रकाश पाडला की फुलणं थांबतं.

पण झँथियम कमालीचं हळवं आहे. त्याला फुलायला एकच लांब रात्र पुरते. शेवंतीला तशा रात्री सलग कित्येक लागतात, आणि तिचं फुलणं रोखणंही तितकं सोपं नाही. व्यापारी शेतीत शेवंतीचं फुलणं मुद्दाम लांबवायचं असतं तेव्हा मध्यरात्री काही तास सुमारे १०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश द्यावा लागतो, किंवा दर अर्ध्या तासाने काही मिनिटं दिवे लावावे लागतात, तेही रोज. एका किरणात काम झालं असतं तर त्या शेतकऱ्यांनी विजेचं बिल कशाला भरलं असतं? पौर्णिमेचं चांदणं फार तर पाव लक्स असतं, आणि उघड्यावरची शेवंती पौर्णिमा पाहून कळ्या आवरून घेत नाही.

पॉइन्सेटिया जास्त नाजूक, हे मान्य. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर तिची वरची पानं लाल न होता हिरवीच राहू शकतात. तेव्हा फट शोधायची तर रोज, बराच वेळ आणि पानांवर पडणारा प्रकाश शोधा. पानांवर, कारण रात्रीची लांबी पानं मोजतात. चैलाख्यान या रशियातल्या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हे शेवंतीवरच दाखवलं: खालच्या पानांना लांब रात्र मिळाली तर पानं काढलेल्या शेंड्याला उजेडात ठेवूनही कळ्या धरतात. खाली कुंडीच्या बुडाशी चेनमधून सुईएवढा उजेड येत असेल तर त्यावर झोप उडवू नका.

‘म्हणून तंबू हवाबंद करा’

इथे संदेश घसरतो. हवा वळते, प्रकाश सरळ जातो. हवेला आत येऊ देऊन प्रकाशाला दारातच अडवायला एवढा फरक पुरतो. छायाचित्रांच्या डार्करूममध्ये माणसं तासन्‌तास काम करायची, ती काय श्वास रोखून?

हवा आत घेण्याच्या तोंडाशी एक खोकं लावा, ज्यात हवेला दोन काटकोनी वळणं घ्यावी लागतील. आतून सगळीकडे मॅट काळा रंग. असा रंग पडलेल्या प्रकाशापैकी साधारण पाच टक्केच परत फेकतो. प्रकाश तीनदा आपटला तर शिल्लक उरतो सुमारे आठ हजारातला एक भाग. बाहेरच्या खोलीत २०० लक्स उजेड असेल तर आत पोचतो ०.०२५ लक्स, म्हणजे त्या पौर्णिमेच्याही दहावा हिस्सा. टेपची काही गरज?

दोन चुका मात्र सर्रास होतात. पहिली म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची लवचीक नळी. ती आतून आरशासारखी चकचकीत असते, त्यामुळे चार वळणं देऊनही प्रकाश ठेचकाळत आत येतो. तिचा निदान वळणाचा भाग आतून काळा करा, नाहीतर काळी नळी घ्या. दुसरी चूक वळणांमुळे हवेला होणारा अडथळा विसरण्याची. पंखा हवा बाहेर ओढतो, पण आत यायचा रस्ता अरुंद असला की तंबूच्या भिंती पोट खपाटीला गेल्यासारख्या आत ओढल्या जातात. हवा येण्याचं तोंड बाहेर जाण्याच्या तोंडापेक्षा चांगलं दुप्पट ठेवा.

हवा किती लागते? दिवा २०० वॅटचा असेल तर त्यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. तंबू खोलीपेक्षा तीन अंशांहून जास्त तापू द्यायचा नसेल तर ढोबळ हिशेबाने ताशी २०० घनमीटर हवा बदलावी लागते. आणि टेप लावून टाकल्यावर दिवे लागले तरी ती काढायचा कंटाळा येतो, हे मी अनुभवाने सांगतो. मग झाडाला आत कोंडलेल्या हवेवरच भागवावं लागतं. सव्वा मीटर लांब-रुंद आणि दोन मीटर उंच तंबूत सगळा मिळून कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम सव्वादोन ग्रॅम. त्यातून झाडाने शेवटच्या कणापर्यंत साखर बनवली तरी दीड ग्रॅम होईल, चमचाभरही नाही.

‘पंखा बंद ठेवा, झाडं झोपलेली असतात’

झोपलेली नसतात. श्वसन रात्रभर चालू असतं आणि कुंडीतलं पाणीही उडत राहतं. पण खरा घोटाळा थंड होणाऱ्या हवेचा आहे. दिवे चालू असताना तंबूत २६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता आहे असं धरा, म्हणजे कुणीही समाधानाने मान डोलवावी असे आकडे. दिवे विझले, तापमान १८ वर आलं. बाष्प तेवढंच राहिलं तरी आर्द्रता ९८ टक्क्यांवर जाते. मग पानांवर दव, कळ्यांच्या पाकळ्यांत दव, आणि करड्या बुरशीला आणखी काय हवं असतं! पंखा पूर्ण वेगाने नको, पण मंद चालूच हवा. आतला छोटा पंखाही चालू ठेवा, पानांमधली हवा साचू देऊ नका.

‘लाल दिवा चालतो’

नेमका तोच चालत नाही. डार्करूममध्ये लाल दिवा असायचा, कारण फोटोच्या कागदाला लाल रंग दिसत नाही. झाडांना उजेडाची जाणीव करून देणारं फायटोक्रोम हे रंगद्रव्य सुमारे ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशालाच सगळ्यात जास्त दाद देतं. रात्र मोडायची असेल तर यापेक्षा चांगलं हत्यार नाही. मंद हिरवा दिवा मिनिटभर परवडतो, तो लावून ठेवायचा नसतो.

‘कळ्या नाहीत म्हणजे फट आहे’

माझ्या मते संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. कळ्या न येण्याचं दुसरं नेहमीचं कारण उष्णता आहे, आणि तिची लक्षणं हुबेहूब फटीसारखी दिसतात. अंधाराच्या तासांत तापमान २४-२५ अंशांच्या वर राहू लागलं की शेवंती आणि पॉइन्सेटिया दोन्ही रेंगाळतात. रात्र लांबवण्यासाठी झाडांवर काळं कापड वापरणारे जाणते शेतकरी म्हणूनच संध्याकाळी कापड ओढतात, बाहेर पूर्ण अंधार पडल्यावर ते उघडून कोंडलेली ऊब बाहेर सोडतात आणि पहाटेआधी पुन्हा ओढतात.

घरात काय होतं? दिव्याने तापलेला तंबू, तापलेली माती, बाजूला उन्हाची खिडकी, आणि संध्याकाळी पाचला सगळ्या नळ्या बंद. कळ्या लांबतात. संदेश म्हणतो फट आहे, म्हणून माणूस आणखी टेप लावतो. तंबू आणखी तापतो, कळ्या आणखी लांबतात. मी या चक्रात सहा आठवडे होतो.

सुटका झाली ती कमाल-किमान तापमान दाखवणारा तापमापक आत टांगल्यावर. रात्रीचा आकडा होता २८. त्याच दिवशी टेप सोलून काढली आणि पुठ्ठ्याचं काळं खोकं बसवलं. मग चेन लावून वीस मिनिटं आत बसून राहिलो, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. खोक्याच्या तोंडाशी काहीच दिसलं नाही. उजेड होता तो माझ्या गुडघ्याजवळ: एक्स्टेन्शन बोर्डाच्या बटणातला लाल दिवा, पानांपासून वीतभर अंतरावर, सहा आठवडे रात्रभर जळत असलेला.