‘टिप बंद करा, पगार आपोआप वाढतील’ असं सांगणाऱ्या मजकुराला उत्तर

व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये आणि फेसबुकवर एक मजकूर सारखा फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, पण सांगणं तेच. टिप ही पाश्चात्त्यांची सवय, ती आपली नव्हे. वेटरला पगार मिळतो, डिलिव्हरीवाला तर महिन्याला पन्नास हजार कमावतो. बिलात सर्व्हिस चार्ज, डिलिव्हरी चार्ज, जीएसटी सगळं आधीच घेतलेलं असतं. ॲपवर दिलेली टिप कंपनीच खाते. जपानमध्ये टिप देणं अपमान समजतात. टिपेमुळे माणूस लाचार होतो. आणि सगळ्यात वजनदार मुद्दा म्हणजे आपण सगळ्यांनी टिप देणं थांबवलं, तर मालकांना झक मारत पगार वाढवावे लागतील.

टिप द्यायची की नाही, हे ज्याने त्याने आपल्या खिशाकडे बघून ठरवावं. महिनाअखेरीला हात आखडता घेणाऱ्याला नावं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. पण न देण्याचं समर्थन म्हणून या मजकुरात जे सांगितलंय, त्यातलं बरंचसं खोटं किंवा अर्धवट आहे, आणि त्याची झळ बसते ती तासाला शंभरेक रुपये कमावणाऱ्या माणसांना. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते पन्नास हजार. हा आकडा येतो कुठून? दिवाळीच्या किंवा आयपीएलच्या आठवड्यात चौदा-पंधरा तास गाडी चालवून, सगळे इन्सेंटिव्ह पूर्ण करून कुणीतरी कमाईचा स्क्रीनशॉट टाकतो. लोक त्याला चारने गुणतात आणि महिन्याचा पगार ठरवून टाकतात. त्यात पेट्रोल नाही, गाडीचा हप्ता नाही, पावसाळ्यात तापाने घरी बसलेला आठवडा नाही.

खुद्द कंपनीचा आकडा उपलब्ध आहे. डिसेंबर २०२५ मध्ये २५ आणि ३१ तारखेला डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांनी संप पुकारला. त्यानंतर जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी कमाईचे आकडे जाहीर केले. २०२५ मध्ये झोमॅटोवर टिप सोडून सरासरी कमाई तासाला १०२ रुपये, त्याआधीच्या वर्षी ९२. रोज १० तास आणि महिन्याचे २६ दिवस काम धरलं तर होतात साधारण २६,५०० रुपये. पेट्रोल आणि गाडीच्या देखभालीचे २० टक्के वजा केले की उरतात सुमारे २१,०००. ही बाजू कंपनीची आहे, म्हणजे चित्र चांगलं दिसण्यात जिचा फायदा आहे तिची. कामगार संघटनांना हाही आकडा मान्य नाही. तो जसाच्या तसा खरा मानला, तरी हातात उरणारी रक्कम पन्नास हजारांच्या निम्म्यालाही पोचत नाही. पुण्यात किंवा ठाण्यात एका खोलीचं भाडं देऊन गावाकडे पैसे पाठवणाऱ्याला २१ हजारांत काय उरत असेल, याचा हिशेब आपल्यापैकी प्रत्येकाला करता येतो.

त्याच माहितीत आणखी एक गोष्ट होती, तिची चर्चा फारशी झाली नाही. झोमॅटोवर जेमतेम ५ टक्के ऑर्डरींना टिप मिळते आणि किराणा पोचवणाऱ्या ब्लिंकिटवर अडीच टक्क्यांना. सरासरी काढली तर टिप पडते तासाला २ रुपये ६० पैसे. दहा तास राबल्यावर २६ रुपये. टिप देऊन देऊन आपण या लोकांना डोक्यावर बसवलंय, असा सूर त्या मजकुरात आहे. शंभरातल्या पंचाण्णव ऑर्डरींवर कुणीच काही देत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

‘पगार मिळतो ना?’ डिलिव्हरीवाल्याला पगार मिळत नाही, ऑर्डरमागे पैसे मिळतात. हॉटेलबाहेर पदार्थ तयार होण्याची वाट बघण्यात, सोसायटीच्या गेटवर नोंद करण्यात, लांबची ऑर्डर पोचवून रिकाम्या हाताने परत येण्यात जो वेळ जातो, तोही कमाईच्या तासांतूनच जातो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगाराची कायद्यात पहिल्यांदा नोंद घेतली, पण व्याख्या केली ती ‘पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेरचं काम’ अशी. ही संहिता धरून चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांनुसार कंपन्यांना वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी भरायची आहे. हे चांगलंच झालं. पण ही तरतूद विमा, अपघात, म्हातारपण यांसाठी आहे. तिच्यामुळे किमान वेतन मिळत नाही, भरपगारी सुट्टी मिळत नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार, म्हणजे नोकरीवर न घेता कामागणिक पैसे दिले जाणारे लोक, होते. एवढ्या लोकांबद्दल ‘पगार मिळतो’ म्हणून मोकळं होता येणार नाही.

वेटरला पगार असतो, हे बरोबर आहे. त्याच्यासाठी किमान वेतनही ठरलेलं आहे. पण भविष्यनिर्वाह निधी सक्तीचा होतो तो २० कामगार असलेल्या ठिकाणी आणि ईएसआयसाठी, म्हणजे कामगारांच्या आजारपणाच्या विम्यासाठी, १० लागतात. नाक्यावरच्या हॉटेलात गल्ल्यावरचा मालक, दोन आचारी, तीन-चार वेटर, भांडी घासणारा आणि टेबल पुसणारा पोऱ्या असा सारा कारभार असतो. तिथे हातात नेमणुकीचा कागद पडत नाही, आणि राहणं-खाणं मालकाकडे म्हणून पगार तोंडी ठरतो. राहणं म्हणजे पुष्कळदा पोटमाळा, किंवा रात्री टेबलं बाजूला सारून तिथेच पसरलेली पथारी.

या माणसाच्या हातात वर्षानुवर्षं रोज रोख पडायचं ते बडीशेपेच्या बशीत. बिल १८५ झालं की दोनशेची नोट द्यायची आणि परत आलेल्या पंधरातले दहा बशीत ठेवून उठायचं. यात कुणाला मोठा निर्णय घ्यावा लागत नव्हता. आता गल्ल्यावरचा क्यूआर स्कॅन करून आपण नेमके १८५ रुपये भरतो. पैसे थेट मालकाच्या खात्यात जातात, वेटर त्या वाटेत कुठे येतच नाही. यूपीआयची सोय मोठी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लोकांनी विचारपूर्वक टिप बंद केली असं मला वाटत नाही. सुटे पैसे हातात यायचे थांबले आणि त्यांच्याबरोबर टिपही गेली. मागाहून त्याला तत्त्वाचं रूप दिलं गेलं.

‘बिलात सगळं आलं’ हा मुद्दा नीट सोडवून घ्यायला हवा, कारण इथे ग्राहकाचा राग खरा आहे. रेस्टॉरंटच्या बिलावरचा ५ टक्के जीएसटी सरकारचा. ॲपवरची प्लॅटफॉर्म फी कंपनीची. ती २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू झाली आणि दोन वर्षांत दहाच्या पुढे गेली. डिलिव्हरी चार्ज आणि रायडरला मिळणारे पैसे हे दोन वेगळे हिशेब आहेत. त्याला किती मिळणार हे कंपनीच्या दरपत्रकावर ठरतं. तुम्ही सभासदत्व घेऊन डिलिव्हरी फुकट मिळवली, तरी तो तेवढंच अंतर कापून येतो.

सर्व्हिस चार्जबद्दल तर स्पष्ट निकाल आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की रेस्टॉरंटने सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात लावू नये. रेस्टॉरंटवाल्यांच्या दोन संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा दंड ठोठावला. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. तो वेटरच्या हातात पूर्ण पोचतो याची कसलीही खात्री ग्राहकाला नसते. म्हणून मी तो काढायला सांगतो आणि वेटरला काय द्यायचं ते वेगळं देतो. मॅनेजरने नकार दिला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मालकाने लावलेल्या चार्जचा राग वेटरवर काढण्यात मात्र अर्थ नाही. तो चार्ज त्याने लावलेला नसतो.

ॲपवरची टिप कंपनी खाते का? हा संशय हवेतून आलेला नाही. अमेरिकेत डोअरडॅश या कंपनीची पद्धत अशी होती की ठरलेल्या किमान रकमेत ग्राहकाची टिपही मोजली जायची, म्हणजे टिप दिली की कंपनीचा वाटा तेवढा कमी. २०१९ मध्ये ओरड झाल्यावर ही पद्धत बदलली. ॲमेझॉनने तर आपल्या डिलिव्हरी चालकांच्या टिपांसंबंधी ६ कोटी १७ लाख डॉलर भरून २०२१ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाशी तडजोड केली. इथल्या मोठ्या कंपन्या टिप पूर्ण पोचवतो असं जाहीरपणे सांगतात. तरीही विश्वास बसत नसेल तर दहा-वीस रुपये हातात द्या, किंवा त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर पाठवा. संशय ॲपवर असेल तर ॲप टाळावं, माणसाला का टाळायचं?

‘पाश्चात्त्य’ या आरोपावर फार वेळ घालवत नाही. दिवाळीला पोस्टमनला, पेपर टाकणाऱ्याला, वॉचमनला, कचरा नेणाऱ्या बाईला पोस्त देणारी घरं महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. केलेल्या कामाबद्दल ठरलेल्या मोबदल्यापेक्षा चार पैसे वर द्यावेत, हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवलेलं नाही.

जपानचं उदाहरण देणारे पुढची गोष्ट सांगत नाहीत. तिथे किमान वेतनाची देशभराची सरासरी २०२४ मध्ये तासाला १,०५५ येन होती, म्हणजे सुमारे ६०० रुपये, आणि दरवर्षी ती वाढवली जाते. तिथलं राहणीमान महाग आहे हे मान्य. पण तिथल्या वेटरला जगण्यासाठी टिपेची गरज पडू नये अशी व्यवस्था आधी उभी राहिलेली आहे. आपण त्यातलं फक्त ‘देऊ नका’ एवढंच उचलणं बरोबर नाही.

आता तो वजनदार मुद्दा. टिप बंद झाली की मालक पगार वाढवतील, हा युक्तिवाद अमेरिकेतला आहे आणि तिथे त्याला आधार आहे. तिथल्या संघराज्याच्या कायद्यानुसार टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, उरलेलं टिपेतून भरून निघालं पाहिजे. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाकीच्यांचं किमान वेतन ७.२५ डॉलर आहे. म्हणजे तिथे ग्राहकाची टिप कायद्यानेच मालकाचा पगाराचा बोजा हलका करते. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत ठेवलेली नाही. त्यामुळे टिप रद्द करून पूर्ण पगार द्या, ही मागणी तिथे कामगारांच्या बाजूची असू शकते.

आपल्याकडे अशी सवलतच नाही. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेल आणि तिथली कामगार संघटना यांच्यातल्या १९७६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टिप ग्राहक देतो, ती मालकाने दिलेली नसते, म्हणून ती वेतनात धरता येत नाही. २०१६ मध्ये आयटीसीच्या हॉटेलांशी संबंधित प्राप्तिकराच्या खटल्यातही हीच दिशा कायम राहिली. कार्डाने दिलेली टिप आधी मालकाच्या खात्यात जमा झाली तरी तो तिचा केवळ विश्वस्त असतो, ती पगार ठरत नाही. तेव्हा तुमची दहाची नोट मालकाला कमी पगार द्यायची कायदेशीर मुभा देत नाही, आणि ती नोट काढून घेतल्याने त्याच्यावर पगारवाढीचं बंधनही येत नाही.

व्यवहारात काय होतं तेही समोर आहे. पंचाण्णव टक्के ऑर्डरींवर टिप नाहीच. टिप थांबवल्याने मोबदला वाढत असता, तर डिलिव्हरीचा धंदा या देशात सर्वांत चांगला मोबदला देणारा झाला असता. तिथल्या कामगारांना संप करावा लागला नसता.

जे काही बदललं ते संघटनेने आणि कायद्याने बदललं. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. कर्नाटकने २०२५ मध्ये केला आणि त्यात प्रत्येक व्यवहारामागे कल्याण निधीसाठी शुल्क ठेवलं. त्या डिसेंबरच्या संपानंतर केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केली आणि जानेवारी २०२६ मध्ये ब्लिंकिटने ‘१० मिनिटांत’ ही जाहिरात काढून टाकली. ब्रिटनमध्ये सर्वांना किमान वेतन आहे, टिपही दिली जाते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने ती पूर्णपणे कामगारांनाच द्यावी लागते. पगार आणि टिप एकमेकांच्या आड येत नाहीत. पगारवाढीची तळमळ खरी असेल, तर संपाच्या दिवशी ऑर्डर न करणं आणि आपल्या आमदाराला राजस्थान-कर्नाटकाबद्दल विचारणं हे मार्ग मोकळे आहेत. टिप बंद करून दबाव येतो तो फक्त त्या मुलाच्या रात्रीच्या जेवणावर.

उरला लाचारीचा मुद्दा. या एका मुद्द्याबद्दल मला आदर आहे, कारण माणसाने बक्षिसीकडे डोळे लावून बसावं ही परिस्थिती चांगली नव्हेच. कॅबच्या ॲपवर गाडी लवकर मिळावी म्हणून आधीच टिप कबूल करायला लावत असत, ती सरळ सरळ बोली होती. त्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये एका कंपनीला नोटीस काढली, ती योग्यच होती. पण काम झाल्यावर, नाव विचारून, डोळ्याला डोळा भिडवून दिलेल्या वीस रुपयांनी कुणी लाचार होत नाही. लाचार करतात त्या दुसऱ्या गोष्टी. सातव्या मजल्यावरून फोन करून खाली ताटकळत ठेवणं, भर उन्हात आलेल्याला पाणी न विचारणं, उशीर स्वयंपाकघरात झालेला असताना ॲपवर एकच तारा देऊन त्याचं रेटिंग पाडणं. आणि ‘डिलिव्हरी बॉयने मुख्य लिफ्ट वापरू नये’ ही पाटी, जी शहरांतल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये लावलेली आहे. ती काढण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत कुणीही सभासद मांडू शकतो.